खेडे, मधला मुक्काम आणि मैफल : संगीतकारांच्या जीवनकथनांचे एक वाचन

१. प्रास्ताविक

मराठीतील चरित्र-आत्मचरित्रांचा अभ्यास करताना कलावंतांच्या, विशेषतः गायक-वादकांच्या जीवनकथनांकडे आपण बहुधा दुय्यम साधन म्हणून पाहतो. संगीताच्या इतिहासाला उपयुक्त अशी माहिती त्यांत सापडते, एवढेच त्यांचे मूल्य मानले जाते. गोविंदराव टेंबे यांच्या 'माझा संगीत व्यासंग' (१९३९) या ग्रंथाचा अपवाद सोडला, तर या प्रकारातील लेखन पदव्युत्तर वर्गात वाङ्मय म्हणून फारसे वाचले जात नाही. प्रस्तुत लेखात या कथनांतील एकाच धाग्याचा विचार करावयाचा आहे. तो धागा म्हणजे खेड्यातील बालपणापासून संगीताच्या व्यवसायापर्यंतचा प्रवास.

हा प्रवास सांगण्याची एक ठरीव रीत आहे. लहान गाव, घरातील बेताची परिस्थिती, मुलाचा गोड गळा, योगायोगाने भेटलेला गुरू, खडतर साधना आणि अखेर कीर्ती. बीज आणि वृक्ष ही प्रतिमा अशा लेखनात जागोजागी आढळते. खेडे ही माती, प्रतिभा हे बीज आणि मैफल हे फळ. ही प्रतिमा सोयीची आहे, पण ती एक महत्त्वाची गोष्ट झाकते. बीज जागचे हलत नाही. खेड्यातल्या मुलाला मात्र हलावे लागते. कोणीतरी त्याला नेतो, कोणीतरी त्याच्या जेवणाची सोय करतो, कोणत्यातरी गावी त्याचा मुक्काम पडतो. खेडे आणि मैफल यांच्या दरम्यानच्या या मधल्या मुक्कामाची विचारपूस केल्याशिवाय संगीतकाराचे बालपण आपल्याला कळत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे. या मुक्कामाची दारे सर्वांना सारखी उघडी नव्हती. म्हणून हा प्रश्न केवळ कथनतंत्राचा राहत नाही, तो न्यायाचाही होतो.

विवेचनासाठी तीन उदाहरणे घेतली आहेत : मल्लिकार्जुन मन्सूर, मोगूबाई कुर्डीकर आणि वामनदादा कर्डक. पहिले दोघे जयपूर-अत्रौली परंपरेचे ख्यालगायक. तिसरे आंबेडकरी चळवळीचे लोककवी व गायक. यांना एकत्र आणणे काहींना विजोड वाटेल. परंतु तिघेही खेड्यात जन्मले आणि तिघांचेही आयुष्य गाण्याने घडले. त्यांच्यातील अंतर कोठे पडले, हेच आपल्याला पाहावयाचे आहे.

२. बेडग ते ग्वाल्हेर, मन्सूर ते मिरज

तत्पूर्वी एका जुन्या प्रवासाची आठवण करणे आवश्यक आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचा जन्म १८४९ साली मिरजेजवळील बेडग या गावी झाला. ख्यालगायनाचे शिक्षण घेण्यासाठी त्यांना थेट उत्तरेची वाट धरावी लागली. ग्वाल्हेर परंपरेतील वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे त्यांनी विद्या मिळविली आणि ती महाराष्ट्रात आणली. पुढे मिरज व इचलकरंजी येथे त्यांनी जे शिष्य तयार केले, त्यांत कुरुंदवाडला जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर होते, तसेच नीलकंठबुवा अलूरमठही होते. म्हणजे १८४९ मध्ये बेडगला जन्मलेल्या मुलाला जी विद्या मिळविण्यासाठी शेकडो कोस जावे लागले, तीच विद्या पुढल्या पिढीतील खेड्यातल्या मुलाला मिरजेत मिळू लागली.

मल्लिकार्जुन मन्सूर यांचा जन्म ३१ डिसेंबर १९१० रोजी धारवाडनजीकच्या मन्सूर या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे, वडील भीमरायप्पा गावातील प्रतिष्ठित व संगीताची आवड असलेले. कथनाच्या ठरीव रीतीप्रमाणे येथून एकदम गुरूकडे जाता येईल. पण मध्ये एक पायरी आहे. थोरले बंधू बसवराज नाटकाच्या व्यवसायात होते आणि त्यांच्यामुळे वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास मल्लिकार्जुन रंगभूमीवर आले. तेथील पदे ऐकून कर्नाटक संगीतातील अप्पय्या स्वामी यांचे लक्ष या मुलाकडे गेले व काही काळ त्यांच्याकडे शिक्षण झाले. त्यानंतर नीलकंठबुवांनी त्यांना ऐकले आणि मिरजेस नेले. तेथे ग्वाल्हेर गायकीचा पाया घातला गेला. पुढे अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ यांच्याकडे तालीम सुरू झाली. १९३७ साली मंजी खाँ यांचे निधन झाल्यावर त्यांचे बंधू भुर्जी खाँ यांनी ती पुढे चालविली.

या साखळीकडे बारकाईने पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. 'योगायोगाने गुरू भेटला' असे जेथे म्हटले जाते, तेथे बहुधा एखादी संस्था उभी असते. मन्सूरच्या मुलाला नीलकंठबुवांनी शेताच्या बांधावर ऐकले नाही. नाटकाच्या प्रयोगात ऐकले. मुलाचा गळा ऐकला जाईल अशी जागा त्या काळात गावोगाव फिरत होती आणि तिचे नाव नाटक मंडळी. मंडळी मुलाला अन्नवस्त्र देत असे, पदे बसवून घेत असे आणि रोज नव्या श्रोत्यांपुढे उभे करीत असे. त्याबदल्यात त्याचे बालपण ती घेत असे, हेही विसरता कामा नये. शाळा सुटे, घर सुटे, आणि आवाज फुटण्याचे वय आले की मुलाची किंमत एका रात्रीत उतरे. पदाची चाल चिजेकडे नेणारी वाट होती; पण त्या वाटेवरून किती मुले गेली आणि किती मध्येच राहिली, याचा हिशेब कीर्तिमंतांच्या आत्मकथनांत सापडणे शक्य नाही.

मिरजेचेही असेच आहे. संस्थानी राजधानी, रेल्वेचे मोठे स्थानक, तंबोरे व सतारी घडविणाऱ्या कारागिरांची पेठ, मीरासाहेबांचा दर्गा, आणि गुरूची बिऱ्हाडे : या सर्वांच्या मिळण्यातून हे गाव मधला मुक्काम बनले. अब्दुल करीम खाँ यांनी आपल्या उत्तरायुष्यात याच गावी वास्तव्य केले, हे सर्वज्ञात आहे. खेड्यातून निघालेला मुलगा मुंबईस पोहोचण्यापूर्वी अशा गावात वाढला. म्हणून या कथनांचा भूगोल खेडे आणि महानगर अशा दुहेरी मांडणीत बसत नाही.

३. कुर्डी : आईचा निर्णय आणि गावाचे नाव

मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म १५ जुलै १९०४ रोजी गोव्यातील कुर्डी या गावी झाला. त्यांच्या बालपणाचे कथन मुख्यतः मुलाखती व चरित्रपर लेखांतून आपल्यापर्यंत आले आहे. या कथनाच्या केंद्रस्थानी आई जयश्रीबाई आहेत. मुलीने मोठी गायिका व्हावे ही त्यांची आकांक्षा. मोगूबाई दहा वर्षांच्या असतानाच, १९१४ साली, आईचे निधन झाले. चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी आणि तिच्यानंतर सातारकर स्त्री संगीत मंडळी हे त्यांचे मधले मुक्काम. दुसऱ्या मंडळीत 'सौभद्रा'तील सुभद्रा, 'पुण्यप्रभावा'तील किंकिणी अशा भूमिका त्यांनी केल्या. मंडळी सुटल्यावर आजारपणात त्या सांगलीस आल्या. अल्लादिया खाँसाहेबही त्या सुमारास उपचारासाठी सांगलीत होते. मुलीचा रियाज जाता-येता त्यांच्या कानी पडला आणि त्यांनी शिकविण्यास आरंभ केला. खाँसाहेब मुंबईस गेल्यावर मोगूबाईही मुंबईस आल्या. मध्ये अन्य उस्तादांकडे शिकावे लागले, अडथळे आले, आणि १९३४ साली खाँसाहेबांचा विधिपूर्वक गंडा बांधला गेला. सांगलीतील पहिल्या तालमीपासून हे अंतर सुमारे पंधरा वर्षांचे आहे.

ही कथा 'खडतर साधना' या दोन शब्दांत उरकली जाते. वस्तुतः येथे साधनेहून वेगळे असे काही आहे. मन्सूरांच्या बाबतीत गाणे हा घरच्या शेतीहून निराळा, निवडलेला मार्ग होता. गोव्यातील कलावंत समाजात जन्मलेल्या मुलीच्या बाबतीत गाणे हे जन्माने वाट्यास आलेले काम होते. त्याला मान नव्हता, परंतु त्यातून सुटकाही नव्हती. या समाजातील गायिकांची ओळख गावाच्या नावाने होत असे : केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. आडनावात गाव येते ही मराठीत नित्याची गोष्ट आहे. परंतु जेथे वंश आईकडून सांगितला जातो आणि बापाचे नाव लावण्याची सोय नसते, तेथे गावाचे नाव हा एकमेव सार्वजनिक पत्ता ठरतो. म्हणून 'कुर्डीकर' हे नाव केवळ आडनाव म्हणून वाचून चालणार नाही. मोगूबाईंना १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले, तेव्हा या पत्त्याला प्रतिष्ठा आली. ही प्रतिष्ठा त्यांनी मिळविली होती; ती आधीपासून तेथे नव्हती.

पुढे या नावाचा आणखी एक अर्थ निर्माण झाला. साळावली धरणाच्या जलाशयात कुर्डी गाव बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गावाचे अवशेष वर येतात आणि विस्थापित झालेले गावकरी तेथे जमतात. मोगूबाईंचे १० फेब्रुवारी २००१ रोजी निधन झाले. गाव नकाशावरून गेले आणि गायिकेच्या नावात राहिले. या योगायोगाचे काव्य करण्याचा मोह होतो. परंतु अभ्यासकाने येथे थांबून विचारले पाहिजे की, त्या गावात शेती करणाऱ्या, देवळात वाजविणाऱ्या, गाणी म्हणणाऱ्या इतरांची नावे कोठे राहिली?

४. देशवंडी : बंद झालेला मुक्काम

तिसरे उदाहरण या प्रश्नाजवळचेच आहे. वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी येथे, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार कुटुंबात झाला. मन्सूरांहून ते जवळजवळ बारा वर्षांनी लहान. ही बारा वर्षे निर्णायक आहेत. १९३१ साली 'आलम आरा' आणि १९३२ साली 'अयोध्येचा राजा' आला. बोलपटांनी नाटक मंडळ्यांचा कणा मोडला. वामनदादा जाणत्या वयात येईपर्यंत खेड्यातल्या मुलाचा गळा हेरणारी ती फिरती संस्था मोडकळीस आली होती. ती शाबूत असती तरी संगीत नाटकाची वाट महार मुलाला कितपत मोकळी होती, हा प्रश्न उरतोच. त्याच्यासाठी उघडी होती ती तमाशाची वाट, आणि त्या वाटेवरील कलावंतांच्या गाण्याला 'संगीत' म्हणण्याची पद्धत नव्हती.

मात्र नाशिक-नगर भागात आणखी एक वाट याच काळात तयार झाली होती. सत्यशोधक जलशांच्या पाठोपाठ १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि आशय बदलला. करमणुकीसाठी जमलेल्या लोकांपुढे ते पाणी, शिक्षण आणि माणुसकीचे हक्क यांविषयी गाऊ लागले. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक हे या जलशांचे एक प्रमुख प्रवर्तक. वामनदादांची गाणी या परंपरेत वाढली.

वामनदादा मुंबईस आले, मजुरीची कामे केली. त्यांना तोवर अक्षरओळख नव्हती. कोणी एकाने पत्र वाचून दाखविण्यास दिले आणि ते वाचता आले नाही. त्या शरमेतून त्यांनी देहलवी नावाच्या गुरुजींकडून अक्षरे शिकून घेतली, हा प्रसंग त्यांच्याविषयीच्या लेखनात वारंवार येतो. चित्रपटात काम करण्याची त्यांना ओढ होती. ती पुरी झाली नाही; पण १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले, ते चित्रपटगीताच्या चालीवरचे विडंबन होते. मन्सूरांच्या जीवनात नाटकातील पदाने जे काम केले, ते वामनदादांच्या बाबतीत सिनेमाच्या चालीने केले. फरक एवढाच की, पदाच्या मागे मंडळी होती, शिकविणारा होता, जेवणाची पंगत होती. सिनेमाची चाल ऐकणाऱ्यापाशी केवळ त्याचा कान होता.

वामनदादांच्या मधल्या मुक्कामाला गुरूचे घर नाही. गिरणगावातील चाळ, समता सैनिक दल, सभेपूर्वी गर्दी जमेपर्यंत गाण्यासाठी मिळालेला वेळ, हाच तो मुक्काम. येथे शिकविणारा श्रोता आहे. शब्द पोहोचला नाही तर तो उठून जातो. पोहोचला तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गल्लीत तेच गीत ऐकू येते. वामनदादांच्या रचनेतील साधेपणा, प्रश्नार्थक धाटणी, ध्रुवपदाची पुनरावृत्ती ही वैशिष्ट्ये कित्येकदा 'प्रचारी' म्हणून निकालात काढली जातात. ती या तालमीची चिन्हे आहेत, असे मानले तर त्यांचे मूल्यमापन निराळे होईल. 'वाटचाल' आणि 'मोहळ' हे त्यांचे संग्रह १९७० च्या दशकात प्रसिद्ध झाले. म्हणजे जवळजवळ तीस वर्षे ही गीते प्रामुख्याने गळ्यांतून फिरत होती. वर्धा येथे १९९३ साली भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

५. तुलना आणि एक वाचनरीत

या तीन उदाहरणांवरून संगीतकाराच्या जीवनकथनाला विचारण्याचे चार प्रश्न सुचतात. विद्यार्थ्यांनी ते कोणत्याही तत्सम ग्रंथाला लावून पाहावेत.

पहिला प्रश्न : मुलाचा गळा प्रथम कोणी ऐकला आणि तो कोणत्या ठिकाणी? 'दैवयोग' हे उत्तर आले तर त्या दैवयोगामागील संस्था शोधावी. सांगलीच्या रस्त्यावरून जाणारे खाँसाहेब आणि आतून ऐकू येणारा रियाज ही घटना आकस्मिक खरीच; परंतु नाटक मंडळीने घडविलेला गळा आणि उपचारासाठी नावाजलेले गाव या दोहोंशिवाय ती घडली नसती.

दुसरा प्रश्न : शिकण्याचा खर्च कोणी सोसला? येथे खर्च म्हणजे केवळ पैसा नव्हे. जयश्रीबाईंची आकांक्षा, बसवराजांचा व्यवसाय, मुंबईतील मजुरी हे सर्व खर्चच आहेत. आत्मकथनात गुरूचे ऋण सविस्तर सांगितले जाते. घरच्यांचे ऋण एका वाक्यात येते.

तिसरा प्रश्न : शिकताना काय मागे टाकावे लागले? ख्यालगायक होण्यासाठी रंगभूमीची सवय मोडावी लागते, असे गुरुजन नेहमी सांगत. जी पदे मुलाला मैफलीच्या दारापर्यंत घेऊन आली, तीच दारात काढून ठेवावी लागत. खेड्यातील ओव्या, भजने, देवळातील वाद्यघोष यांचे काय झाले, याविषयी बहुतेक कथने मौन पाळतात. वामनदादांना गावाची बोली आणि चाल मागे टाकावी लागली नाही. त्यांची कमाई तीच आणि, आपल्या समीक्षेच्या दृष्टीने, त्यांची उणीवही तीच.

चौथा प्रश्न : यशानंतर गावाशी नाते कोणत्या रूपात उरले? मन्सूर धारवाडला राहिले. मोगूबाईंनी गाव नावात नेले. वामनदादा आयुष्यभर खेडोपाडी गात फिरले. पहिल्या दोघांचा प्रवास खेड्यातून मैफलीकडे गेला. तिसऱ्याची मैफलच खेड्यात परत आली.

येथे एक आक्षेप संभवतो. संस्था कितीही होत्या तरी सर्वच मुले मन्सूर झाली नाहीत. मग प्रतिभेचे स्थान कोणते? आक्षेप योग्य आहे. प्रतिभेचा इन्कार करण्याचा येथे हेतू नाही. परंतु प्रतिभा सर्वत्र असू शकते, मुक्काम सर्वत्र नसतात. ज्यांना मुक्काम मिळाला नाही त्यांचे कथनच लिहिले जात नाही; म्हणून लिहिलेल्या कथनांतून केवळ प्रतिभेचा विजय दिसतो. हा दृष्टिदोष टाळणे वाङ्मयाभ्यासकाच्या हाती आहे.

६. समारोप

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकविताना प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांना एक लहानसे काम दिले होते : आपल्या लहानपणी ऐकलेले पहिले गाणे आणि ते गाणारी व्यक्ती, याविषयी एक पान लिहून आणावे. बहुसंख्य विद्यार्थी खेड्यांतून आलेले होते. कोणी जात्यावर गाणाऱ्या आजीविषयी लिहिले, कोणी पहाटे येणाऱ्या वासुदेवाविषयी, कोणी भीमजयंतीच्या रात्री गाणाऱ्या चुलत्याविषयी. एका विद्यार्थिनीने शेवटी लिहिले होते की, आजी कधी गायिका नव्हती, त्यामुळे हे उत्तर चुकीचे असल्यास क्षमा करावी. त्या वाक्यावर काय शेरा लिहावा हे सुचेना. उत्तर चुकीचे नव्हते. 'गायिका' या शब्दाची जी व्याख्या आम्ही तिला शिकविली होती, तीच अपुरी होती.

मराठी विभागांनी या दिशेने पुष्कळ काम करण्याजोगे आहे. मोगूबाई संगीत विभागाच्या, वामनदादा दलित साहित्याच्या आणि मन्सूर कन्नडच्या, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. मधल्या मुक्कामाच्या दृष्टीने पाहिले तर मिरज, सांगली आणि गिरणगाव एकाच नकाशावर येतात. आपल्या जिल्ह्यात अजून हयात असलेले भजनी मंडळींचे बुवा, तमाशाच्या फडातील वृद्ध कलावंत, बँडपथकांतील वादक, कलापथकांतील गायक यांची बालपणे ध्वनिमुद्रित करून लेखनिविष्ट करणे हे काम कोणत्याही महाविद्यालयाला शक्य आहे. त्यांना प्रश्न विचारताना 'तुम्ही मोठे कसे झालात?' असे न विचारता, 'तुम्हाला प्रथम कोणी ऐकले?' असे विचारावे. उत्तर 'कोणी नाही' असे आले, तरी ते नोंदवून ठेवावे. वाङ्मयाच्या इतिहासाला त्याही उत्तराची गरज आहे.